तीन जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगन: आतून काय काय तपासू?

लांबचापल्ला (ओहायो)

मंडळी, सात माणसं बसतील अशी जुनी अमेरिकन वॅगन (छत मागच्या टोकापर्यंत असलेली, डिकी आतूनच जोडलेली लांब गाडी) घ्यायची आहे. एसयूव्ही सुचवू नका, ती आवड वेगळी. तीन गाड्या नजरेत आहेत.

पहिली १९७५ची शेव्हरोले कॅप्रिस इस्टेट, म्हणजे मागची काच छतात आणि दार फरशीखाली सरकणारी क्लॅमशेल. काच अर्ध्यावर अडकते. दुसरी १९८९ची फोर्ड कंट्री स्क्वायर, मागे समोरासमोर तोंड करून बसायच्या दोन घडीच्या सीटा. आतून धड आहे, पण मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलांचा रंग उन्हाने उडालाय आणि एक पॅनेल तडकलंय. तिसरी १९९४ची बुइक रोडमास्टर इस्टेट. छताचं कापड लोंबतंय, काचेच्या छताच्या कडेला पाण्याचा डाग आहे आणि आत ओलसर वास येतो.

इंजिन, गिअरबॉक्स मेकॅनिककडून बघून घेईन. मला आतल्या भागाचं सांगा. काय दुरुस्त होतं, काय मिळतच नाही, आणि मागच्या ओळीत मुलं बसवावीत का?

---

पत्रेवाला

एक गोष्ट मनाशी पक्की करा: पुढच्या सीटच्या मागे जे आहे, ते बघून वॅगन घ्यायची. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, पुढच्या सीटा, पुढचा गालिचा यातलं बरंचसं त्याच वर्षांच्या सेडानमधून काढता येतं, आणि सेडान भंगारात अजून दिसतात. डिकीच्या बाजूची पॅनेलं, तिसऱ्या सीटच्या कड्या, फरशीची घडीची झाकणं, मागच्या दाराचं रबर, वळणदार काचा हे फक्त वॅगनचं. नवीन सहसा मिळत नाही. फाटकी पुढची सीट बघून गाडी नाकारणारे आणि नवीन सीटकव्हर बघून मागची सडकी फरशी घेणारे, दोघंही चुकतात.

असे भाग शोधताना भावंडांच्या गाड्या लक्षात ठेवा. रोडमास्टर इस्टेटची बॉडी १९९१ ते ९६च्या कॅप्रिस वॅगनची आणि १९९१-९२च्या ओल्डस्मोबिल कस्टम क्रूझरची. कंट्री स्क्वायरची बहीण मर्क्युरी कॉलनी पार्क. क्लॅमशेलची यंत्रणा १९७१ ते ७६च्या पॉन्टियॅक, ओल्डस्मोबिल आणि बुइकच्या मोठ्या वॅगनमध्येही तीच आहे. पण शेव्हरोलेचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १२५ इंच आणि बाकी तिघींचा १२७, त्यामुळे बाजूचा पत्रा आणि पॅनेलं मापून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

बघायला जाताना टॉर्च, चपटा स्क्रूड्रायव्हर आणि बाथरूमचा छोटा आरसा न्या. डिकीतला गालिचा उचला, तिसऱ्या सीटचा खळगा उघडा आणि खालच्या तागाच्या थराला हात लावा. ओला असेल तर खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर तिथे वेल्डिंग आलंच. स्टेपनी बाजूच्या भिंतीत उभी असेल, तर ती काढून तिच्या तळाशी बघा. पाणी तिथेच साचतं. ओहायोतल्या गाडीला रस्त्यावरचं मीठ खालून खातं आणि गळकं छत वरून, म्हणून दोन्ही अंगांनी बघा.

---

कुशनकाका

रोडमास्टरच्या छताबद्दल लिहितो, कारण हे काम घरी होतं आणि निम्मे लोक ते दोनदा करतात.

कापड लोंबतं ते त्याच्या पाठीवरचा पातळ फोम उन्हाने कुजतो म्हणून. कापड धड असतं, मधल्या फोमची भुकटी झालेली असते. त्यामुळे पिना टोचून, किंवा कापडाला भोक पाडून गोंद मारून काही होत नाही. भुकटीला काय चिकटणार?

पण आधी गळती. कापड आधी बदललंत तर पहिल्याच पावसात नवा डाग. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने हलकं पाणी सोडायचं. प्रेशर वॉशर नको. खालून वर जायचं: आधी बाजूच्या काचांचं रबर, मग मागचं दार, मग काचेच्या छताची कड, शेवटी टपावरच्या कॅरियरचे स्क्रू. प्रत्येक जागेला पाच मिनिटं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. सगळे काचेच्या छताला दोष देतात, पण बऱ्याचदा पाणी कॅरियरच्या स्क्रूंतून येतं आणि आतून वाहत काचेच्या कडेला टपकतं. स्क्रू काढा, जुना मसाला खरवडा, ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून परत कसा. काच स्वतः गळत असेल तर ती काढून युरेथेनने (काच चिकटवायच्या रबरी मसाल्याने) नव्याने बसवावी लागते. ते काम विंडशील्डवाल्याकडे द्या.

आता कापड. सनव्हायजर, दिवे, कोटाच्या खुंट्या, खांबांवरची प्लास्टिकं काढली की छताचा बोर्ड सुटतो. तो मागच्या दारानेच बाहेर येतो आणि दोन माणसं लागतात. बोर्ड लांब असून मध्ये काचेसाठी मोठी खिडकी कापलेली असते, तिथेच तो मोडतो, तेव्हा मधून धरा. हातमोजे आणि मास्क घाला. जुनं कापड सोलून उरलेला फोम ताठ नायलॉन ब्रशने पूर्ण काढा. बोटाला भुकटी लागायची थांबेपर्यंत. काम दोनदा करावं लागतं ते याच पायरीत घाई केल्यामुळे.

कापड फोम लावलेलंच घ्या, हेडलायनरचं (छताच्या अस्तराचं) म्हणून मिळतं, फोम १/८ इंच. पन्हा ६० इंच, लांबी बोर्डापेक्षा निदान ६ इंच जास्त. गोंद उष्णता सोसणारा हवा: थ्रीएमचा सुपर ट्रिम अ‍ॅडहेसिव्ह चालतो, कागद-थर्माकोलवाला साधा स्प्रे उन्हाळ्यात सोडतो. दोन-तीन डबे लागतील. बोर्ड आणि फोम, दोन्हींवर मारा. बोटाला चिकट लागेल पण गोंद बोटाबरोबर येणार नाही, इतकं थांबा. कापड अर्ध्यात दुमडून मधून सुरुवात करा आणि तळहाताने बाहेरच्या बाजूला दाबत जा. खोलगट जागी कापड ताणू नका, आत ढकला. ताणलेलं कापड तिथून हमखास सुटतं. कड इंचभर मागे वळवून चिकटवा.

वास मात्र या सगळ्याने जाणार नाही. तो तागाच्या थरात असतो. तो थर फेका, पत्रा वाळवा, गंज खरवडून प्रायमर मारा, मग नवा थर घाला.

---

तिसरी_ओळ

काकांशी सहमत. मी मुलांच्या बसण्याबद्दल लिहिते.

तिन्ही गाड्यांत तिसरी ओळ वेगळी आहे. कॅप्रिसची पुढे तोंड करून, फोर्डच्या दोन सीटा एकमेकींकडे तोंड करून, रोडमास्टरची पाठमोरी. पाठमोरी सीट मुलांना सगळ्यात आवडते आणि बसायला बरीही असते, पण ती मागच्या बंपरच्या सर्वांत जवळ. जुन्या गाड्यांत या ओळीला बहुतेक फक्त कमरेचा पट्टा असतो. खांद्याचा पट्टा लागणारं बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट) तिथे चालत नाही, आणि बाळाची सीट तर अजिबात नको. शाळकरी, पट्टा नीट बसेल इतकी मोठी मुलं, जवळचा प्रवास, इतकंच. फोर्डच्या सीटा मोठ्या माणसाला शिक्षा आहेत. गुडघे गुडघ्यांना लागतात आणि आडवं बसल्यामुळे ब्रेक मारला की माणूस बाजूला कलंडतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चालत्या वॅगनची मागची काच उघडी ठेवायची नाही. गाडीच्या चौकोनी पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथे घोटाळतो आणि उघड्या काचेतून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तिसऱ्या ओळीतली मुलं त्याच्या तोंडावर बसलेली असतात. क्लॅमशेलची काच अर्ध्यावर अडकते ही म्हणूनच नुसती गैरसोय समजू नका. काच पूर्ण बंद होईपर्यंत त्या गाडीत मागे कुणाला बसवू नये. मागच्या दाराचं रबर तपासायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज आली तर तिथे फट आहे. दर फुटावर हेच करा.

---

पत्रेवाला

क्लॅमशेलचं राहिलं होतं. क्रम असा: आधी काच वर छतात, मग दार खाली. उलट करू देत नाही, आणि जोर लावून करूही नका. खालचं दार काही गाड्यांत हाताने चालतं, काहींत मोटरने.

काच अर्ध्यावर थांबते याची तीन कारणं बहुधा असतात: रुळांत पन्नास वर्षांचा चिकटा, वाळलेले गाइड, किंवा मोटरपर्यंत पुरता करंट न पोचणं. इंजिन चालू ठेवून, काच चालवत असताना मोटरच्या टोकाशी व्होल्ट मोजा. बॅटरीवर साडेतेरा-चौदा आणि मोटरवर अकराच्या खाली असेल, तर दोष वायरिंगचा, स्विचचा किंवा अर्थिंगचा. मोटर बदलून पैसे वाया जातील. मोटरवर व्होल्ट पुरते असून काच रखडते, तर रूळ साफ करा. कापडी अस्तराच्या खाचेत कोरडा सिलिकॉन स्प्रे, धातूच्या रुळावर पांढरं लिथियम ग्रीस. अस्तरात ग्रीस भरलंत तर धूळ बसून वर्षभरात पुन्हा तेच. काच हाताने ढकलू नका. ती वळणदार टफन काच आहे, फुटली तर दुसऱ्या क्लॅमशेलमधूनच काढायची.

दार ज्या पोकळीत सरकतं तिचं पाणी तळाच्या भोकांतून बाहेर जातं. भोकं पानांनी बुजली की दार पाण्यात उभं राहतं आणि खालच्या कडेने सडतं. दार बंद करून गाडीखाली झोपा आणि ती कड हाताने चाचपा. या गाडीचा सौदा तिथे ठरतो.

---

लांबचापल्ला

सगळ्यांचे आभार. काका, फोर्डचं तडकलेलं पॅनेल जोडता येईल का? आणि फिका रंग?

---

कुशनकाका

आधी प्लास्टिक ओळखा. पॅनेलच्या मागच्या, न दिसणाऱ्या जागी अ‍ॅसिटोनचा थेंब टाका. पृष्ठभाग चिकट झाला तर एबीएस. मग त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर विरघळवून मधासारखी खळ करा आणि मागून भेगेत भरा, वर जाळीची पट्टी देऊन. दोन दिवस हात लावू नका. चिकट झालं नाही तर ही युक्ती विसरा, तिथे प्लास्टिक वेल्डिंगच हवं.

पॅनेल काढताना क्लिपा मोडणारच, डझनभर आधी आणून ठेवा. थंडीत तर काढूच नका. उन्हात तापलेलं प्लास्टिक थोडं तरी वाकतं, गार असताना काडकन जातं.

रंगाला प्लास्टिक-रेक्झिनचा डाय मिळतो. भांड्याच्या साबणाने धुवा, करड्या स्कॉचब्राइटने हलकं घासा, मग ग्रीस काढणाऱ्या द्रवाने दोनदा पुसा. आधीच्या मालकाने चकाकीसाठी सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असतं. ते राहिलं की रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. चार पातळ हात द्या, एक जाड नको. रंगाची छटा जुळवायची ती उन्हात उडालेल्या भागाशी नव्हे, सीटच्या घडीखाली झाकलेल्या भागाशी.

---

पत्रेवाला

माझं मत विचाराल तर रोडमास्टर, पण खळग्याचा पत्रा टणक असेल तरच. छत, वास, डाग हे सगळं सुटीच्या दिवसांत होतं. पत्रा सडला असेल तर फोर्ड घ्या आणि पॅनेलशी खेळा. क्लॅमशेल मनापासून हवी असेल तर घ्या, पण ती रोज मुलांना शाळेत सोडायची गाडी नव्हे. आणि रोडमास्टर घेतलीत तर मेकॅनिकला पाण्याचा पंप आवर्जून बघायला सांगा. १९९४च्या एलटी१ इंजिनात डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) पंपाच्या बरोबर खाली असतो, पंप ठिबकला की तोही जातो.