"चकचकीत वृद्धाश्रम" म्हणणाऱ्यांना उत्तर: चार वर्षं राहून सांगतेय

पानशेत_रोड

परवा इथे मधली_आळी यांनी एक पोस्ट टाकली होती, की सीनियर लिव्हिंग (साठीच्या वरच्यांसाठी मेस, नर्स वगैरे सोयींसह बांधलेले फ्लॅट) म्हणजे चकचकीत वृद्धाश्रम, आईबापांना पैसे भरून टाकायची सोय, आणि ज्यांनी वाढवलं त्यांना डायनिंग हॉलच्या रांगेत उभं करणाऱ्यांना झोप कशी लागते. खाली सगळे "अगदी मनातलं बोललात" करत होते. दोन दिवस गप्प बसले, पण राहवत नाहीये.

मी ७१, हे ७७. आम्हाला कोणी टाकलेलं नाही. सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४८ पायऱ्या. माझे दोन्ही गुडघे गेलेले, ह्यांना चढताना धाप लागायची. शेवटची दोन वर्षं भाजीवाल्यासाठी गॅलरीतून दोरीला बांधून पिशवी सोडत होते आणि हे आठवड्यातून एकदा खाली उतरायचे, तेही डॉक्टरकडे. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा तेरा वर्षं चालल्या. शेवटी आम्हीच फ्लॅट विकला आणि इकडे आलो. मुलगी ठाण्यात, मुलगा बेंगळुरूला, दोघंही नको म्हणत होते. मुलगा तर "लोक काय म्हणतील" म्हणाला, आणि आता कळतंय की तो बरोबर होता, लोक हेच म्हणतात.

इथे पहिल्या महिन्यात हे रात्री बाथरूममध्ये घसरले. कमोडच्या शेजारी लाल दोरी असते, अगदी जमिनीपर्यंत लोंबणारी, पडलेल्या माणसाच्या हाताला लागावी म्हणून. ह्यांनी ती ओढली. मी झोपेतच होते, दाराची बेल वाजली म्हणून उठले तर वॉचमन आणि नर्स उभे. पेठेत असतो तर मी एकटी ७३ किलोच्या माणसाला कशी उचलणार होते आणि रात्री अडीचला कोणाचं दार वाजवणार होते? शेजारच्या दोन फ्लॅटना कुलूप, एकात क्लास चालायचा.

सगळं गोड आहे असं म्हणत नाही. मेंटेनन्स चार वर्षांत जवळजवळ दीडपट झाला. पाहुण्यांना पंधरा दिवसांच्या वर ठेवायचं तर अर्ज करावा लागतो, नातू मे महिन्यात येतो तेव्हा मला ते फार टोचतं. आणि मरण फार जवळून दिसतं. नोटीस बोर्डावर आठवड्याच्या मेनूशेजारी ए-फोर कागद लागतो, नाव आणि "सकाळी १० वाजता" एवढंच. आमच्या विंगमधले नऊ जण गेले. ज्याला हे सोसत नाही त्याने येऊ नये. पण "टाकलं" म्हणू नका.

मधली_आळी

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे पण तुम्ही अपवाद आहात. तुमच्याकडे विकायला पेठेतला फ्लॅट होता आणि निर्णय तुमचा होता. मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ते वेगळे आहेत. माझ्या ऑफिसमधल्या एकाने आईला "चल, हवापालट करून येऊ" सांगून नेलं आणि सोडून आला. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी २०१५ मध्ये मुंबईची नोकरी सोडून गुहागरला परत आलो, आईसाठी. सहा वर्षं सांभाळलं. पॅरालिसिस, नाकातली नळी, सगळं. ती गेली तेव्हा माजघरात स्वतःच्या पलंगावर होती, पडवीत सगळी आळी जमली होती. पैसे टाकून ते मिळत नाही. घर ते घर.

थोरली_सून

मधली_आळी, एक सरळ विचारते. "मी सांभाळलं" म्हणताय त्यातलं बेडपॅन कोण देत होतं? अंघोळ कोण घालत होतं? नळीतून दर दोन तासांनी पेज कोण सोडत होतं?

मी अकरा वर्षं सासूबाईंचं केलंय. सगळे नातेवाईक माझ्या नवऱ्याला श्रावणबाळ म्हणतात. तो बँकेतून साडेसातला यायचा, आईजवळ दहा मिनिटं बसायचा, कपाळावरून हात फिरवायचा. प्रेम होतं त्याचं, नाही म्हणत नाही, पण कूस मी बदलायचे, बेडसोअर होऊ नये म्हणून रात्री तीनचा अलार्म माझा असायचा. माझी स्वतःची आई साताऱ्याला आजारी होती, ब्युरोची बाई सुट्टीवर म्हणून मला निघता आलं नाही. दहाव्याला पोचले. घर ते घर म्हणताना त्या घरात कोण राबतं तेपण लिहीत जा.

मधली_आळी

ओळख ना पाळख आणि माझ्या घरातल्या माणसांबद्दल बोलताय, हे बरं नाही. माझ्या बायकोने कधी तक्रार केली नाही.

थोरली_सून

मीपण कधी केली नव्हती. अकरा वर्षं.

मधली_आळी

ठीक आहे. अंघोळ, कपडे, नळी ती करायची. उचलणं आणि रात्रीचं माझ्याकडे होतं. तिने शाळेतली नोकरी सोडली, माझ्याबरोबरच. ते लिहायला हवं होतं, मान्य. पण म्हणून माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

एडिसनचा_दादा

मी "सोडून गेलेला" मुलगा, न्यू जर्सीत. बाबांना तीन वर्षांपूर्वी पुण्याबाहेर अशाच एका ठिकाणी ठेवलंय (हो, ठेवलंय, मी शब्द लपवत नाही). त्याआधी ते डोंबिवलीला एकटे होते, रोज फोनवर "मी ठणठणीत" म्हणायचे. एकदा तीन दिवस तेच तेच बोलत होते, मला वाटलं वय झालं. चुलतभाऊ गेला तेव्हा कळलं रक्तातलं सोडियम घसरून ११८ वर आलंय. चार दिवस आयसीयू. इथे आल्यावर पुन्हा तसंच झालं तेव्हा डायनिंग हॉलमधल्या वाढणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं, "काका आज दोनदा आमटी मागून विसरले" असं त्यांनी नर्सला जाऊन सांगितलं. त्याच दिवशी रक्त तपासलं. मावशींचं ते लक्ष माझ्या व्हिडिओ कॉलला कधीच आलं नसतं.

अपराधी वाटतं, रोज वाटतं. पण बाबांना अमेरिकेत आणून बर्फात चार भिंतीत कोंडणं हे जास्त प्रेमाचं कसं, ते मला अजून कोणी समजावलेलं नाही.

अलिबाग_कोळीवाडा

सगळं पटतंय, पण जेवणाचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. माझ्या बाबांचा जन्म होडीवर गेला. मासळीशिवाय घास उतरला नाही कधी. आई गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी पैसे काढून एका नावाजलेल्या प्रोजेक्टमध्ये घर घेतलं, नाव घेत नाही. माहितीपत्रकात "सात्विक आहार" छापलेलं. आम्हाला वाटलं मेस शाकाहारी, चालेल, घरात ओटा आहे की. एकदा मी गेले होते तेव्हा वाटीभर सुकट भाजली, दारं लावून, एक्झॉस्ट लावून. दुसऱ्या दिवशी दारावर पत्र: इतर रहिवाशांच्या भावना दुखावल्या, पुन्हा झालं तर दंड. बाबा ७९ वर्षांचे, ते पत्र हातात घेऊन बसले होते. त्यानंतर मी बोंबलाचं कालवण स्टीलच्या डब्यात न्यायचे आणि ते गेटबाहेर गाडीत बसून जेवायचे. स्वतःच्या मालकीचं घर असून!

पानशेत_रोड

वाईट वाटलं वाचून. पण करारात नियम लिहिलेला असेल ना? आम्हीपण सही करताना वाचलं होतं. शाकाहारी वातावरण हवं म्हणूनच कित्येक जण इकडे येतात, त्यांचंही काही असेल.

अलिबाग_कोळीवाडा

करारात "कॉमन डायनिंगमध्ये" असं होतं. घरातल्या ओट्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

तांबडा_पांढरा

सात्विक म्हणजे कोणाचं जेवण, हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहितीये. गोड वरण, गोड आमटी, भाजीत गूळ. माझ्या काकांनी सहा महिन्यांत नऊ किलो वजन घालवलं. डॉक्टर म्हणाले अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी आहे, रोज दोन अंडी द्या. मेसवाला म्हणाला उकडलेलं अंडंसुद्धा हॉलमध्ये चालणार नाही.

ओंकारेश्वर_घाट

लगेच जात आणायची गरज नाही. सत्तरीनंतर मांसमच्छी सगळ्यांना पचत नाही. आणि मला वासाने खरोखर ओकारी येते, ते ढोंग नाहीये. मी आयुष्याची पुंजी घातलीय, मला माझ्या मजल्यावर तो वास का सहन करावा लागावा?

अलिबाग_कोळीवाडा

पुंजी आम्हीपण घातलीय. तुमच्याएवढीच. बाबांना काय पचतं ते ७९ वर्षांत त्यांना कळलं असेल.

तांबडा_पांढरा

जात मी आणली नाही, पत्रात "भावना" लिहिणाऱ्याने आणली. वासाची तक्रार असेल तर चिमणी मोठी बसवा. भावनेला चिमणी लागत नाही.

ओंकारेश्वर_घाट

या भाषेत बोलायचं असेल तर मला बोलायचं नाही.

पानशेत_रोड

थांबा दोघंही. मी वर जे लिहिलं ते थोडं मागे घेते. मलाही वास सोसत नाही, लहानपणापासून. पण आमच्याकडे घरात शिजवायला बंदी नाही, फक्त मेसमध्ये नाही, आणि चार वर्षांत मी मेले नाही, खिडकी उघडते. ७९ वर्षांच्या माणसाला गाडीत बसून जेवायला लागावं हे कुठल्याही नियमात बसत असेल तर तो नियम चूक आहे.

पासबुक_भरणारा

मासळीवरून मूळ प्रश्नाकडे या जरा. बँकेत ३४ वर्षं काढली म्हणून आकडे सांगतो. सीनियर सिटिझन्स सेव्हिंग स्कीममध्ये एका माणसाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिना २०,५००. मेंटेनन्स आणि दोन माणसांचं जेवण यातच हे संपतात, औषधं वेगळी. मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर गेला की १८ टक्के जीएसटी लागतो, तो जाहिरातीत दिसत नाही. माझ्याबरोबरच्या कित्येकांना ईपीएस-९५ ची (पीएफबरोबर मिळणारी) पेन्शन आहे, तिची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपये. हजार! त्या माणसांसाठी हा धागाच नाहीये. त्यांना १९९५ च्या सरकारी योजनेतले मातोश्री वृद्धाश्रम नाहीतर मुलगा.

आणि राहतं घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून मग इकडे येणाऱ्यांना हात जोडून सांगतो, त्यात "सांभाळ करेल" ही अट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ (सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं) तेव्हाच नीट कामाला येतं. माझ्या सख्ख्या बहिणीने लिहिली नाही. आता प्रांत ऑफिसच्या बाकावर बसते.

थोरली_सून

महारेराने (बिल्डरांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) २०२४ मध्ये सीनियर प्रोजेक्टसाठी नियम काढले ना? त्यात हे सगळं येत नाही का?

पासबुक_भरणारा

त्याचा भर बांधकामावर आहे. दार ९०० मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, रॅम्प, बाथरूममध्ये धरायला दांडे. चांगलंच आहे, करारात लिहून घेता येतं. पण माणूस अंथरुणाला खिळला तर पुढे काय, ते दाराच्या रुंदीने सुटत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

हेच लिहायला आलो होतो. बाबांना दोन वर्षं तिथे फार छान गेली. कॅरम, सकाळी फिरणं, मित्र झाले. मग डिमेन्शिया सुरू झाला. रात्री उठून लोकांच्या बेल वाजवायचे, "शाळा सुटली का" विचारायचे, ते हेडमास्तर होते. पहिले दोन महिने सगळे समजून घेत होते. मग ऑफिसमधून फोन. करारात एक ओळ होती, "स्वतःची दैनंदिन कामं स्वतः करू शकणारी व्यक्ती". त्यावर बोट ठेवून ३० दिवस दिले. ज्या दिवसासाठी घर घेतलं होतं त्याच दिवशी बाहेर जा म्हणाले.

नर्सिंग होममध्ये हलवलं, महिना ४५ हजार. इकडे फ्लॅट बंद, मेंटेनन्स चालू. भाड्याने द्यायचा तर साठीच्या वरचाच माणूस हवा, विकायचा तर ट्रान्सफर फी आणि घेणाराही साठीच्या वरचाच. २२ महिने लागले विकायला. बाबा त्याआधीच गेले. हलवताना त्यांनी डायनिंग हॉलमधल्या त्यांच्या टेबलाचा कोपरा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, बोटं सोडवावी लागली.

म्हणून मधली_आळींचा राग मला कळतो. कारण वेगळं आहे, पण कळतो.

एडिसनचा_दादा

बाबांचा करार आत्ता उघडला. माझ्यातपण तीच ओळ आहे. मी सही करताना वाचली नव्हती.

मधली_आळी

मी बोललो तेव्हा सगळे अंगावर आलात. आता बघा.

थोरली_सून

तुम्ही मुलांना लाज वाटायला हवी म्हणाला होतात. ही ओळ मुलांनी लिहिलेली नाहीये.

मधली_आळी

बरं.

पानशेत_रोड

रात्रभर झोप आली नाही. एक गोष्ट वर लिहिली नव्हती. ह्यांना दिवाळीनंतर पार्किन्सन्स निघालाय. अजून कप धरता येतो, दोन्ही हातांनी. शर्टाची वरची दोन बटणं मी लावते.

सकाळी करार काढला, भिंग घेऊन वाचला. आमच्यात "दैनंदिन कामं" ही ओळ नाही, पण "व्यवस्थापनाच्या मते इतर रहिवाशांना त्रासदायक" अशी आहे, ती मला जास्त वाईट वाटते. दहा वाजता ऑफिसमध्ये गेले. मॅनेजर मुलगा चांगला आहे, म्हणाला, "काकू, आत्तापासून कशाला विचार करताय, काका तर फिरतायत." म्हटलं, फिरतायत तोवरच विचारायचं असतं. केअरटेकर चोवीस तास घरात ठेवता येईल का, फाउलर बेड (डोक्याची बाजू वर करता येणारा हॉस्पिटलचा पलंग) लिफ्टमधून वर येतो का, आणि ह्यांना काहीही झालं तरी आमच्या घरातून हलवणार नाही, हे तिन्ही लेटरहेडवर लिहून द्या. वरिष्ठांना विचारून सोमवारी देतो म्हणालाय. आमच्या मजल्यावरच्या अजून सहा जणांनी तेच पत्र मागितलंय, दुपारी जेवताना सांगितलं मी सगळ्यांना.

कृष्णाकाठ_सांगली

ताई, "वैद्यकीय सल्ल्यानुसार" असा शब्द घुसवू देऊ नका. आमच्याकडे नंतर तोच वापरला.

अलिबाग_कोळीवाडा

आणि घरातल्या ओट्याचं पण त्याच कागदावर लिहून घ्या. तुम्हाला नको असलं तरी.

पानशेत_रोड

घेते.

मधली_आळी

सोमवारी पत्र मिळालं की इथे टाका. माझ्या पोस्टमधलं "टाकायची सोय" काढलंय. बाकी पोस्ट तशीच आहे.