जपानमधल्या कॅफेत ऑर्डर कशी द्यायची? सल्ला हवाय

मृद्गंध
नमस्कार मंडळी. नवऱ्याची टोकियोला बदली झालीये, पुढच्या महिन्यात निशिकासाईला बिऱ्हाड हलवतोय. तो दिवसभर ऑफिसात असणार आणि मला घरात बसवत नाही, त्यामुळे कॉफीच्या निमित्ताने बाहेर पडणं आलंच. जपानी शून्य. व्हिडिओ बघून उलट गोंधळ वाढला: एक बाई सांगतात आधी जागा धरा मग ऑर्डर द्या, दुसरा मुलगा म्हणतो कोणी बसवेपर्यंत दारातून हलायचं नाही. नक्की काय? एका कॉफीवर किती वेळ बसलं तर चालतं? दोघांत एक मागवली तर? नंतर सासू-सासरे येणार आहेत, त्यांना घेऊन नागोया आणि क्योतो करायचंय. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत आणि चहाशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. माहीतगारांनी जरा सविस्तर सांगा ना.

निशिकासाईकर
या या, इथे मराठी कानावर पडेल, काळजी नको.

दोघंही बरोबर सांगताहेत, दुकानं वेगळी आहेत इतकंच. दारातून समोर काउंटर आणि वर मेनूचा बोर्ड दिसला (दोतोर, स्टारबक्स वगैरे) की ते सेल्फ सर्व्हिस. गर्दी असेल तर तिथे आधी जागा धरायची, अगदी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तशी. खुर्चीवर छत्री, स्कार्फ, पुस्तक काहीही ठेवा आणि निवांत रांगेत उभ्या राहा. कोणी हात लावत नाही. जपानी लोक खुशाल फोन टेबलावर ठेवून जातात. माझं काही अजून ते धाडस होत नाही.

काउंटरवर पहिला प्रश्न कॉफीचा नसतो. लांबलचक वाक्यात 'तेन्नाइ' किंवा 'मोचिकाएरी' ऐकू येईल: इथे बसणार की घेऊन जाणार? नीट उत्तर द्या, कारण त्यावर बिल ठरतं. ऑक्टोबर २०१९ पासून बसून घेतलं तर १० टक्के कर आणि पार्सल नेलं तर ८ टक्के. बसायचं असेल तर 'तेन्नाइ दे'. मग 'होत्तो' की 'आइसु', आणि साइझ: एसु, एमु, एरु. बाकी मेनूवर बोट ठेवून 'कोरे, ओनेगाइशिमासु' म्हटलं की भागतं. पैसे हातात द्यायचे नाहीत, समोरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. सुटेही त्याच ट्रेमध्ये परत येतात.

निघताना कप-बशी तिथेच सोडून उठायचं नाही. कोपऱ्यात 'हेन्क्याकुगुची' असते, ट्रे तिकडे न्यायचा. उरलेला बर्फ आणि पाणी ओतायला वेगळं भोक, झाकण आणि स्ट्रॉ एका डब्यात, कागद दुसऱ्यात. लेबलं वाचता येत नसतील तर पुढचा माणूस काय करतो ते बघायचं नि तेच करायचं.

दुसरा प्रकार किस्सातेन. जुन्या वळणाचं कॉफीघर: गडद लाकूड, मखमली खुर्च्या, काउंटरमागे सायफन, म्हणजे कॉफी बनवायचं काचेचं भांडं, उकळत असलेलं. इथे दारात थांबायचं. 'नान्मेइसामा' असं विचारलं की बोटांनी किती जण ते दाखवायचं. बसलात की पाणी आणि ओशिबोरी, म्हणजे हात पुसायला ओला रुमाल, आपोआप येतो. दोन्ही फुकट. हाक मारायची तर 'सुमिमासेन'. शुक शुक नाही आणि चुटकी तर नाहीच. काही ठिकाणी टेबलावर बेल असते, ती बिनधास्त दाबा.

ऑर्डर आली की बिलही लगेच येतं. टेबलावर उलटं ठेवतात किंवा तिरप्या कापलेल्या पारदर्शक नळकांड्यात सुरळी करून खोचतात. नवीन माणसाला वाटतं की आपल्याला उठवताहेत. तसं काही नसतं, रीतच आहे ती. निघताना ती चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जायचं. टीप अजिबात नाही. टेबलावर नाणी सोडलीत तर विसरलात समजून मागे धावत येतील. जुन्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, हजार येनच्या दोन-चार नोटा पर्समध्ये असू द्या.

मृद्गंध
वा, हे स्क्रीनशॉट काढून ठेवते. पण वेळेचं आणि दोघांत एक कॉफीचं राहिलं. आणि सासरे बाहेर पडले की पिशवीत चिवड्याचा डबा असतोच!

फिल्टरकापी
याचं उत्तर मी देतो. एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे नियम पाठ करायला नकोत: तिथे कॉफीचे पैसे म्हणजे जागेचं भाडं. किस्सातेनमध्ये साध्या ब्लेंड कॉफीला साधारण ५०० ते ८०० येन पडतात, ते काही नुसत्या कपाचे नाहीत. म्हणून जितकी डोकी तितक्या ऑर्डरी. दोघांत एक, वन बाय टू, कटिंग हे प्रकार इथे नाहीत. सासऱ्यांना काही नको असेल तरी एखादा ज्यूस सांगा. चिवडा डब्यातच राहू दे, बाहेरचं खाणं चालत नाही. तो बागेतल्या बाकावर उघडा, तिथे कोणी अडवत नाही.

बसायला तास-दीड तास सहसा हरकत नसते. गर्दीच्या वेळी ९० मिनिटांची मर्यादा काही ठिकाणी लिहिलेली असते. बाहेर रांग लागली असेल आणि तुमचा कप रिकामा असेल तर उठावं किंवा दुसरं काही मागवावं. लॅपटॉप साखळी दुकानांत चालतो, छोट्या किस्सातेनमध्ये उघडण्याआधी विचारलेलं बरं.

सगळ्यात जपायचं ते फोनचं. आईचा व्हिडिओ कॉल आला, 'दाखव गं तुझी कॉफी' सुरू झालं, की आजूबाजूचं कोणी काही बोलणार नाही, पण मान न वळवता सगळे वैतागलेले असतील. फोन वाजला की बाहेर जाऊन बोलायचं. पर्स जागेवर राहिली तरी चालते.

कोल्हापुरीचप्पल
मला हे जरा अति वाटतंय. चार वर्षं ओसाकात आहे, तिकडे कॅफेत शेजारच्या टेबलावरच्या आज्या आपल्यापेक्षा मोठ्याने हसत असतात. एवढं बिचकून राहिलं तर कॉफीची चव काय लागणार? नवख्या परदेशी माणसाला सांभाळून घेतात. हसून 'सुमिमासेन' म्हणा, पुढचं ते बघतात.

फिल्टरकापी
सांभाळून घेतात हे खरंच. पण सांभाळून घेतात म्हणून आपण सैल सुटायचं, हे मला पटत नाही. आणि सगळी दुकानं ओसाकातल्या आज्यांची नसतात. शिबुयात 'लायन' नावाचं १९२६ सालचं कॉफीघर आहे. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत ऐकायची जागा. खुर्च्या आगगाडीसारख्या एकाच दिशेला, भल्यामोठ्या स्पीकरांकडे तोंड करून. तिथे गप्पा नाहीत, फोटो नाहीत, ऑर्डरसुद्धा कुजबुजत द्यायची. बऱ्याच 'जॅझ किस्सा'मध्येही, म्हणजे जॅझच्या रेकॉर्डी ऐकवणाऱ्या किस्सातेनमध्ये, बोलणं बेताचंच. आत शिरताना भिंतीवर रेकॉर्डी दिसल्या तर आवाज आधीच खाली आणा.

नागोयाची_वहिनी
नागोयाला येणार म्हणताय, तर सकाळी ११च्या आत कॅफेत पोचा. इथली 'मोनिंगु' पद्धत सासऱ्यांना फार आवडेल: कॉफीच्या किमतीतच टोस्ट आणि अंडं. वेगळे पैसे नाहीत. कोमेदा ही १९६८ साली इथेच सुरू झालेली साखळी. आता टोकियोतही जागोजागी आहे, म्हणजे आधी घराजवळ सराव करून या. टेबलावर येऊन ऑर्डर घेतात, सोफे ऐसपैस, मांडी घालून बसावंसं वाटतं (घालू नका).

तिथे टोस्टसोबत काय हवं ते निवडता येतं आणि त्यात ओगुरा-आन असतं. लाल अझुकी बियांचं गोड सारण. सासूबाईंना अंड्याऐवजी 'ओगुरा' सांगा. पुरणाची आठवण येईल त्यांना. खायच्या इतर गोष्टी तिथे मेनूतल्या फोटोपेक्षा मोठ्या येतात, त्यामुळे दोन बशा एकदम मागवू नका. शिरोनोआरु नावाची गरम पावावर आइस्क्रीमवाली मिठाई चौघांत एक पुरते. हे वाटून खाल्लेलं चालतं, पण प्रत्येकाचं पेय आलेलं असलं पाहिजे.

बिनअंड्याचा_केक
शाकाहाराबद्दल माझे दोन शब्द. कॅफेतलं जे 'व्हेज' दिसतं त्यावर विसंबू नका. नापोरितान हा टोमॅटो केचपातला स्पागेटी, त्यात हॅम किंवा सॉसेज ठरलेलं. करी राइस भाजीचा दिसला तरी मसाल्याच्या वडीत प्राण्यांची चरबी असू शकते. कॉफी जेली बहुतेक ठिकाणी जिलेटिनची. पॅनकेक, पुडिंगमध्ये अंडं आलंच. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' म्हणजे मांस आणि मासे खात नाही, आणि अंडं नको तर 'तामागो नुकी दे'. पण आधीच बनवून ठेवलेल्यातून ते कसं काढणार? तेव्हा 'नाही' आलं तर हुज्जत घालू नका.

सुरक्षित म्हणाल तर बटर टोस्ट (पावाचंही विचारून घ्या), क्रीम सोडा हवा असेल तर वरच्या आइस्क्रीममध्ये अंडं आहे का ते विचारून, आणि जुन्या मिठाईच्या दुकानांत मिळणारं आनमित्सु, म्हणजे जेलीचे तुकडे आणि अझुकीचं गोड सारण. त्यातले पारदर्शक चौकोन समुद्री शेवाळाच्या कांतेनचे असतात, जिलेटिनचे नाहीत. वर आइस्क्रीम नको म्हणून सांगा.

चहाबाज
चहावर कोणीच बोलेना! 'कोच्चा' मागितला तर कोरा काळा चहा येतो. लेमन की मिल्क असं विचारतात, आणि मिल्क म्हणाल तर सोबत गार दुधाचा चिमुकला जग येतो. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांच्यासाठी 'रोइयारु मिरुकु ती' मागवा. तो दुधात उकळलेला असतो. आलं-वेलची नाही, पण निदान चहासारखा लागतो. मेनूवर 'चाइ' दिसलं तर दालचिनीच जास्त लागते, अपेक्षा बेताची ठेवा. साखर पाहिजे तितकी घ्या. गार पेयात मात्र साखर विरघळत नाही म्हणून 'गामु शिरोप्पु' नावाच्या पाकाच्या कुप्या ठेवलेल्या असतात. शेजारीच तशाच दिसणाऱ्या क्रीमच्या कुप्या असतात, त्या बहुतेक वनस्पती तेलाच्या.

क्योतोत गेलात तर इनोदा कॉफी, १९४० सालची. त्यांची 'अराबियाचा मोती' नावाची कॉफी दूध-साखर घालूनच द्यायची जुनी पद्धत. आधी विचारतात, हो म्हणा. दूध-साखरेशिवाय कॉफी म्हणजे शिक्षा वाटणाऱ्या आपल्या मंडळींसाठी जपानातली सगळ्यात सोपी ऑर्डर.

कोल्हापुरीचप्पल
एक मुद्दा सगळे विसरले: धूर. एप्रिल २०२० पासून कायदा कडक झाला, पण काही छोट्या जुन्या किस्सातेनमध्ये अजून सिगारेट चालते. दारावर चिन्ह लावावंच लागतं, ते बघून आत जा. जिथे ओढतात तिथे २० वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, म्हणजे मूल बरोबर असेल तर प्रश्नच मिटला.

मृद्गंध
खूप खूप आभार सगळ्यांचे. शेवटचा प्रश्न, मैत्रिणी मिळाल्यावरचा: टीटीएमएम चालतं का?

निशिकासाईकर
चालतं, जपानी लोक स्वतः तेच करतात. गल्ल्यावर 'बेत्सुबेत्सु दे' म्हणा, आपापलं वेगळं घेतात. गर्दीच्या वेळी काही दुकानं नाही म्हणतात, मग एकीने भरायचं आणि बाहेर हिशेब.

आणि रविवारी जाणार असाल तर दाराशी स्टँडवर एक कागद असतो, त्यावर नाव आणि माणसं किती ते लिहून बाहेर थांबायचं. रोमन अक्षरांत लिहिलं तरी चालतं, पण पूर्ण आडनाव लिहू नका. आमच्या ग्रुपमधल्या क्षीरसागरांचं नाव दोनदा पुकारलं गेलं, त्यांना स्वतःलाच कळलं नाही. आता ते 'सागा' लिहितात.