एम ८२ मधला अतिनवतारा साडेचारपट दूर का येतोय?

मृगशीर्ष:
टाइप १ए अतिनवताऱ्यांवरून (श्वेत खुजा तारा फुटून होणारे, जवळपास सारख्याच तेजाचे स्फोट) दीर्घिकांची अंतरं काढतोय. सूत्र नेहमीचंच: दृश्य प्रतीतून (दिसणारं तेज; आकडा मोठा तितका तारा मंद) निरपेक्ष प्रत (१० पार्सेकवरून दिसलं असतं ते तेज) वजा करायची, ५ मिळवायचे, ५ ने भागायचं, १० चा तेवढा घात म्हणजे पार्सेक (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). बी (निळ्या) फिल्टरसाठी निरपेक्ष प्रत −१९.२५ धरली. एम १०१ दीर्घिकेतला अतिनवतारा २०११एफई कमाल तेजाला सुमारे ९.९५ होता, अंतर आलं २ कोटी २६ लाख प्रकाशवर्षं, बरोबर. एम ८२ दीर्घिकेतला २०१४जे ११.८५ होता, त्याचं येतंय ५ कोटी ४० लाख! खरं अंतर १ कोटी २० लाखांच्या आसपास. चूक कुठे?

ध्रुवमत्स्य:
गणित बरोबर आहे, धूळ विसरलात. २०१४जेची कमाल प्रत व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमध्ये १०.६ आहे. म्हणजे बी आणि व्हीमधला फरक १.२५. टाइप १ए कमाल तेजाला असताना हा फरक शून्याच्या जवळ असायला हवा. तारा एवढा लाल दिसतो कारण वाटेतली धूळ निळा प्रकाश खाते.

आता इथे बहुतेकजण घसरतात. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा नेहमीचा गुणक (बी-व्ही फरकाला ज्यानं गुणलं की तेजातली घट मिळते तो आकडा) घेतला तर बीमधली घट ४.१ × १.२५, म्हणजे ५.१ प्रत. ती वजा केली की अंतर ५२ लाख प्रकाशवर्षं, निम्म्याहून कमी! पण २०१४जेच्या वाटेतली धूळ वेगळी आहे, निळा प्रकाश तुलनेनं फारच जास्त अडवणारी. अतिनील ते अवरक्त निरीक्षणांवरून तिचा गुणक व्हीसाठी १.४ च्या आसपास निघाला, म्हणजे बीसाठी २.४. घट ३.० प्रत. करून बघा.

२०११एफईच्या वाटेत धूळ जवळपास नाहीच, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवला नाही.

कृत्तिका:
धुळीआधी दोन गोष्टी तपासा. वर्णपटात ६१५ नॅनोमीटरजवळ सिलिकॉनची खोल खाच हवी आणि हायड्रोजन नको, तरच टाइप १ए. मग कमाल तेजानंतर १५ दिवसांत बी प्रत किती घसरली ते मोजा. साधारण १.१ असेल तर −१९.२५ चालेल. लवकर विझणारा मुळातच मंद असतो. खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवलेला हा संबंध. १९९१बीजी १५ दिवसांत १.९ प्रत घसरला आणि तो बीमध्ये नेहमीपेक्षा दोन प्रतींहून जास्त मंद होता. दोन प्रतींची चूक म्हणजे अंतर अडीचपट.

तेज मोजताना ताऱ्याभोवती आखलेल्या वर्तुळात दीर्घिकेचा प्रकाशही येतो आणि तारा उगाच तेजस्वी भासतो. एम ८२ सारख्या झगझगीत दीर्घिकेत तर हमखास. तारा विझल्यावर, वर्षभरानं त्याच फिल्टरमधून प्रतिमा घ्या आणि ती वजा करा. डोळ्यांनी किंवा फिल्टरशिवाय केलेल्या नोंदी यात मिसळू नका.

मृगशीर्ष:
२.४ नं १ कोटी ३६ लाख आलं! आभार. पण −१९.२५ येतं कुठून?

ध्रुवमत्स्य:
सेफिड ताऱ्यांवरून (तेज ठरावीक काळानं कमीजास्त होणारे तारे; त्या काळावरून त्यांचं खरं तेज कळतं). पराशयानं (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते, त्यावरून) जवळच्या सेफिडची अंतरं मोजतात, सेफिडवरून जवळच्या दीर्घिका, आणि त्यांत फुटलेल्या अतिनवताऱ्यांवरून हा आकडा. एम १०१ त्याच दीर्घिकांपैकी एक, म्हणून तिथलं तुमचं उत्तर जुळणारच होतं. ती स्वतंत्र चाचणी धरू नका.