टोमॅटो माना टाकतोय? खत थांबवा, माती तपासा

कुंडीतल्या टोमॅटोची पानं दुपारी मलूल, खालची पिवळी, काय करू, असं तुम्ही विचारलंत आणि त्यावर कुणीतरी तुम्हाला शेणखत वाढवायला सांगितलंय. घाई नको. आधी बोट दोन पेरं मातीत घाला. माती ओली असूनही पानं लोळत असतील तर पाणी जास्त झालंय. मुळांना हवाच मिळत नाही, मग खत उचलणार कोण? कुंडीखालची बशी काढा, भोक मोकळं करा. संध्याकाळी झाड आपोआप सावरत असेल तर उन्हाळ्यात तेवढं चालायचंच.

पिवळेपणा नेमका कुठे आहे ते लिहा. जुनी पानं सरसकट फिकी असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम कमी. तेच कोवळ्या शेंड्याला दिसलं तर लोह. चुनखडीच्या मातीत हे हमखास. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात लोह नसतं, तरी लोक प्रत्येक दुखण्यावर तेच सुचवतात!

हिरवंगार झाड एकदम कोलमडलं तर मात्र बुंध्याजवळचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधट धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे झाड कोमेजून मरण्याचा रोग. झाड मातीसकट काढून टाका, त्या मातीत वांगं-मिरचीही लावू नका.