मदत हवी आहे : क्रीटची परिषद, शेंगेन व्हिसा आणि कन्नड दाखला

मंडळी, ग्रीसच्या क्रीट बेटावर जूनमध्ये चार दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद आहे, पुढे तीन दिवस तिथंच फिरायचं. (असल्या बेटावर परिषद ठेवल्यावर लगेच कोण परततंय!) शेंगेनचा (म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा 15 दिवस आधी करता येतो, विमा किमान 30,000 युरोंचा. इथवर ठीक.

अडतंय पुढं. निमंत्रणपत्र चारच दिवसांचं, तिकीट नि विमा मात्र जादा दिवसांचा. तारखा जुळल्या नाहीत की हेतूवरच शंका घेतात. मग कॉलेजच्या ना-हरकत पत्रात सगळी रजा तारखांसकट लिहून घ्यावी का?

दुसरं, पगाराचा दाखला कन्नडमध्ये आहे. बेळगाव-निपाणीकडं इंग्रजी भाषांतर नोटरीसह कुठं होतं? आणि बोटांचे ठसे द्यायला बेंगळुरू गाठावं की पुणं? पत्ता कर्नाटकातला आहे, हे धरून सांगा.