हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरसाठी ॲम्प्लिफायर कोणता आणि वायर कोणती? प्लास्टरपूर्वी ठरवायचे आहे

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझा आतेभाऊ अमेरिकेतून कायमचा परतला तेव्हा त्याने मार्टिनलोगनच्या हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची एक जुनी जोडी सोबत आणली होती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवण्याइतकी जागा नसल्यामुळे आता ती गावभागातील आमच्या जुन्या घरात आली आहे. वरच्या भागात पातळ फिल्मचा पडदा आणि खाली ८ इंची वूफर (खालच्या सुरांचा कोन असलेला स्पीकर) अशी रचना असून या दोघांमधील वाटणी ५०० हर्ट्झच्या आसपास होते. माहितीपुस्तिकेत इम्पीडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा विजेचा अडथळा) ६ ओहम लिहिला आहे, पण त्याच ओळीत पुढे '२० किलोहर्ट्झला १.६ ओहम' असेही आहे, आणि माझी खरी काळजी तिथूनच सुरू झाली.

खोली २० फूट बाय १४ फूट आहे. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर पाणी आल्यानंतर आम्ही विजेचे सगळे बोर्ड चार फुटांवर घेतले होते. आता राहिलेले प्लास्टर करायचे असल्याने स्पीकरच्या वायरी भिंतीत घालायच्या असतील तर हीच वेळ आहे. ॲम्प्लिफायरचे कपाट बाजूच्या भिंतीत असून दाराला वळसा घालून जाणारा मार्ग एका बाजूने सुमारे १२ मीटर भरतो. आमचे वायरमन म्हणतात की १ स्क्वेअर एमएमची वायर पुरेशी आहे आणि ती दिव्यांच्याच पाइपातून नेता येईल.

माझ्याकडे ईएल३४ व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा), पुश-पुल पद्धतीचा ३५ वॅटचा ॲम्प्लिफायर आहे (त्याला ४ आणि ८ ओहमची टोके आहेत) आणि चित्रपटांसाठी घेतलेला एक एव्ही रिसीव्हर आहे. यांपैकी एखादा चालेल की नवा घ्यावा लागेल? स्पीकरच्या मागे टर्मिनलच्या दोन जोड्या आहेत, त्यांचा उपयोग करून दोन ॲम्प्लिफायर लावण्यात काही अर्थ आहे का? माझे ऐकणे बहुतेक शास्त्रीय गायनाचे आहे.

ओहमवाला (माधवनगर)

आपण काळजी योग्य ठिकाणी केली आहे, मात्र तिचा रोख वायरच्या जाडीकडे नको, लांबीकडे हवा. का ते जरा विस्ताराने सांगतो.

इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा म्हणजे विजेच्या दृष्टीने एक मोठा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, असतो. भोके पाडलेल्या दोन धातूच्या जाळ्यांमध्ये काही हजार व्होल्टने भारलेली फिल्म ताणलेली असते आणि ॲम्प्लिफायरचा सिग्नल स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरमधून वाढून त्या जाळ्यांवर जातो. कपॅसिटरचा स्वभाव असा की वारंवारता दुप्पट झाली की अडथळा निम्मा होतो. त्यामुळे १.६ ओहम हा आकडा २० किलोहर्ट्झला अचानक उगवत नाही. १० किलोहर्ट्झला तो साधारण ३.२ असेल आणि त्याखाली हळूहळू चढत जाईल. दिलासा एवढाच की संगीतात इतक्या वरच्या पट्ट्यात ऊर्जा फार थोडी असते, म्हणून आकडा भीतिदायक वाटला तरी ॲम्प्लिफायरला तिथे सतत मोठा प्रवाह द्यावा लागत नाही. बराचसा भार खालच्या वूफरचाच असतो.

आता वायर. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम वायरचा रोध दर मीटरला सुमारे १७ मिलिओहम असतो. जाऊन-येऊन २४ मीटर धरले तर ०.४ ओहम झाले, आणि ज्या भाराचा (म्हणजे ॲम्प्लिफायरला जोडलेल्या स्पीकरचा) तळ १.६ ओहम आहे त्याच्यासमोर हे उघडच जास्त आहे. ४ स्क्वेअर एमएम घातली तर हाच रोध ०.१ ओहमवर येतो, आणि बहुतेक लोक इथेच समाधान मानतात. पण जोडवायरीला इंडक्टन्सही (वारंवारतेबरोबर अडथळा वाढवणारा गुण) असतो; साधारण ०.६ ते ०.७ मायक्रोहेन्री दर मीटरला. १२ मीटरला तो ८ मायक्रोहेन्रीच्या घरात जातो आणि २० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा जवळजवळ १ ओहम भरतो. वायर जाड केल्याने हा आकडा जवळपास हलत नाही. तो दोन गोष्टींनी कमी होतो : वायर आखूड ठेवल्याने, आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटून, पीळ देऊन नेल्याने. दोन सुट्या तारा पाइपात ढिल्या सोडल्या तर तो उलट वाढतो. कपॅसिटरसारख्या भारासमोर हा इंडक्टन्स वरच्या टोकाला आवाज दाबेल की उचलेल, हे स्पीकरमधील ट्रान्सफॉर्मरवर अवलंबून आहे. पण दोन्हींपैकी आपल्याला काहीच नको आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की भिंतीत स्पीकरची वायर घालूच नका. ॲम्प्लिफायर दोन्ही स्पीकरच्या मधे, बुटक्या स्टँडवर ठेवा आणि स्पीकरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची पीळ दिलेली, ३ मीटरपेक्षा लांब नसलेली वायर वापरा. तिचा रोध ०.०४ ओहम आणि २० किलोहर्ट्झला इंडक्टन्सचा अडथळा पाव ओहम, म्हणजे प्रश्न मिटलाच. दुकानात मिळणाऱ्या महागड्या वायरींची गरज नाही. बहुपदरी तांब्याची चांगली लवचिक वायर पुरते. भिंतीतून न्यायचाच असेल तर सिग्नलचा केबल न्या. सीडी प्लेअर किंवा डॅकचा (डिजिटल सिग्नलचे ॲनालॉग करणाऱ्या उपकरणाचा) आउटपुट इम्पीडन्स शे-दोनशे ओहम असेल तर १२ मीटरचा साधा आरसीए केबलही वरचे सूर खात नाही. बॅलन्स्ड जोडणीची (सिग्नल दोन उलट तारांतून नेऊन बाहेरचा गोंगाट वजा करणारी) सोय असल्यास ती अधिक बरी, कारण मग दिव्यांच्या वायरींची घरघर आत शिरत नाही. तो दिव्यांच्या पाइपातून मात्र नेऊ नका. आपल्या वायरमननी सुचवलेल्यांपैकी ही एकच गोष्ट मला पूर्णपणे चुकीची वाटते.

ॲम्प्लिफायर म्हणाल तर ८ ओहमला ८० ते १५० वॅट देणारा आणि ४ ओहमला जवळजवळ दुप्पट होणारा ट्रान्झिस्टरचा घ्या. ही दुप्पट म्हणजे वीजपुरवठा भक्कम असल्याची खूण आहे. एव्ही रिसीव्हरमध्ये सात वाहिन्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर पोसलेल्या असतात. तो हळू आवाजात चालेल, पण थोडा वाढवताच तापून बंद पडण्याची शक्यता मोठी. क्लास डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरवर चालणारा) घेणार असाल तर आउटपुट फिल्टरनंतरच्या टोकावरून फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी मागे नेलेला सिग्नल) घेतलेला घ्या, उदाहरणार्थ हायपेक्स कंपनीच्या एनकोर पद्धतीचा. ज्यात फिल्टर फीडबॅकच्या बाहेर राहतो, त्याचा वरचा पट्टा भारानुसार बदलतो.

जवारी (मिरज)

ओहमवाला साहेबांचे वायरीबद्दलचे म्हणणे मान्य आहे, परंतु व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला त्यांनी एका वाक्याचीही जागा दिली नाही याचे थोडे वाईट वाटले. पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये आपल्या क्वाड या ब्रिटिश कंपनीचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणला तेव्हा त्याच्यासोबत चालणारा क्वाड २ हा व्हॉल्व्हचाच, केवळ १५ वॅटचा होता. तेव्हा ही जोडी मुळातच अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

कृष्णाकाठ, आपल्याकडे ४ ओहमचे टोक आहे, त्यालाच जोडून पाहा. ८ च्या टोकाला लावू नका. ऐकण्यासाठी तानपुऱ्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत कारागीर घोडीवर जवारी (तारेला झणकार देणारी घोडीची घासणी) काढत असतात तेव्हा तारेखालचा दोरा केसभर सरकवला तरी आवाज उघडतो किंवा मिटतो; ते उघडणे सगळे वरच्या स्वरांशांत असते. आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रणातील तानपुरा व्हॉल्व्हवर आणि कोणाचा तरी उसना आणलेला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर लावून लागोपाठ ऐका. जवारी मिटल्यासारखी वाटली तर ॲम्प्लिफायर भाराला पुरत नाही असे समजावे. गळ्याचा पोत मात्र व्हॉल्व्हवर जसा मिळतो तसा मला अद्याप दुसरीकडे मिळालेला नाही, हे माझे मत म्हणून नोंदवतो.

ओहमवाला (माधवनगर)

जवारी, आपला मुद्दा रास्त आहे, पण तो स्पीकर आणि तो ॲम्प्लिफायर एकाच घरचे होते, एकमेकांना धरून बनवलेले. आपण सुचवलेली चाचणी मला आवडली, म्हणून तिच्यामागचे गणित देतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स ८ च्या टोकाला २ ओहम धरला, आणि सोयीसाठी भार केवळ रोधक मानला, तर ६ ओहमच्या पट्ट्याच्या तुलनेत २० किलोहर्ट्झचा आवाज सुमारे ४.५ डेसिबलने आणि १० किलोहर्ट्झचा १.७ डेसिबलने उतरतो. ४ च्या टोकाला हाच इम्पीडन्स १ ओहम झाला की २० किलोहर्ट्झची घट ३ डेसिबलच्या आत येते. प्रत्यक्षात भार कपॅसिटिव्ह असल्याने आकडे काहीसे निराळे पडतील, दिशा मात्र हीच राहील. म्हणजे जो 'गळ्याचा पोत' आपल्याला आवडतो त्यात वरचा पट्टा मऊ होण्याचा वाटा असणारच. आवडत असेल तर जरूर ऐकावे. फक्त तो स्पीकरचा गुण समजू नये.

अजिंक्यतारा (सातारा)

दोन ॲम्प्लिफायरच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, आणि त्याची किंमत मी स्वतः मोजलेली असल्यामुळे लिहितो. माझ्याकडेही याच जातीचे स्पीकर आहेत. वरच्या पडद्याला एक आणि वूफरला दुसरा ॲम्प्लिफायर लावायच्या उत्साहात टर्मिनलच्या दोन जोड्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या एका स्पीकरच्या काढायच्या राहून गेल्या. पट्ट्या जागेवर असताना दोन ॲम्प्लिफायर जोडले की एकाचे आउटपुट थेट दुसऱ्याच्या आउटपुटला भिडते. एक वेळीच बंद झाला, दुसऱ्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले. दुरुस्तीला दीड महिना लागला आणि तेवढे दिवस घरात शांतता होती, जिचे आमच्या सौभाग्यवतींनी उघडपणे स्वागत केले.

पट्ट्या काढूनही एक अडचण उरते. दोन्ही ॲम्प्लिफायरची व्होल्टेज वाढवण्याची पट, म्हणजे गेन, सारखी नसेल तर वूफर आणि पडदा यांचा तोल बिघडतो, आणि व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर यांची गेन आपोआप जुळणे दुर्मीळच. एकाच ॲम्प्लिफायरवरून दोन वेगळ्या वायरी नेण्याचा, म्हणजे बाय-वायरिंगचा, मला कानांनी काही फरक जाणवला नाही. माझा सल्ला : एकच चांगला ॲम्प्लिफायर, पट्ट्या जागेवर.

आणखी एक, आणि हे सर्वांत आधी पाहा. स्पीकर अमेरिकेतून आले आहेत, तर मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट छापलेले असण्याचीच शक्यता अधिक. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पॉइंटला थेट लावू नका. पडद्याला विद्युतभार देणारा पुरवठा काही वॅटच घेतो, त्यामुळे वूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर नसेल तर १०० व्हीएचा छोटा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर दोन्ही स्पीकरना पुरतो. अर्थिंग नीट तपासून घ्या. भारलेला पडदा धूळ ओढतो; पिन काढून रात्रभर ठेवावे आणि मग व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश समोरून हलक्या हाताने फिरवावा. साताऱ्याच्या पावसाळ्यात, दमट हवेत, माझ्या जुन्या पडद्यांचा आवाज थोडा उतरतो, कारण पडद्यावरील विद्युतभार गळतो. सांगलीला हा त्रास कमी व्हावा.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. मागची पट्टी आत्ताच बॅटरीच्या उजेडात पाहिली : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आतेभावाने येताना अडॅप्टर पिन दिली होती आणि ती लावून मी रविवारी स्पीकर चालू करणार होतो, एवढेच सांगतो.

ॲम्प्लिफायर दोन स्पीकरच्या मधे ठेवण्याचे ठरले आहे. तोपर्यंत व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ४ च्या टोकाला लावून तानपुरा ऐकेन, आणि शेजारच्या गणेश मंडळाकडे असलेला ट्रान्झिस्टरचा जुना पॉवर ॲम्प्लिफायर एका दिवसासाठी मागून तुलना करेन. त्याला पंखा आहे आणि तो बऱ्यापैकी आवाज करतो, पण एका संध्याकाळीचाच प्रश्न आहे. एक शंका राहिली : भिंतीत आता फक्त सिग्नलचा केबल घालायचा, तर पाइप कोणता ठेवावा? गवंडी शनिवारी येणार आहेत.

ओहमवाला (माधवनगर)

२५ एमएमचा घ्या, काटकोनी एल्बो न वापरता लांब वळणाचे बेंड घाला आणि दिव्यांच्या पाइपापासून फूटभर अंतर ठेवा. केबल आज ओढला नाही तरी चालेल, पण आत एक बारीक जीआय तार घालून तिची दोन्ही टोके बोर्डात बाहेर ठेवा. आणि त्या पाइपाची टोकेही चार फुटांवरच घ्या.