मे महिन्यात संगणक बंद पडतो: ओव्हरक्लॉक काढावे की कूलर बदलावा?

मार्केटयार्ड_सांगली:

नमस्कार. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे माझा लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करण्याचा छोटा स्टुडिओ आहे. गेल्या डिसेंबरात सुटे भाग आणून संगणक स्वतःच जोडला. त्यात रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, त्यावर एका पंख्याचा टॉवर कूलर आणि ३६०० वेगाची ३२ जीबी रॅम आहे. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ओव्हरक्लॉक करून (नेमून दिलेल्यापेक्षा वेग वाढवून) आठही कोअर ४.६ गिगाहर्ट्‌झवर आणि व्होल्टेज १.३५ वर बांधून टाकले. तेव्हा खोलीत २२ अंश असताना रेंडरमध्ये (व्हिडिओची अंतिम फाइल तयार होताना) प्रोसेसर ७४ अंशांवर स्थिर राहत असे आणि रात्रभर स्ट्रेस टेस्ट चालवूनही काही बिघडले नव्हते. एप्रिलपासून मात्र दुपारी रेंडर लावला की वीस-पंचवीस मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. रात्री अकरानंतर तेच काम बिनतक्रार पार पडते. खोलीत एसी नाही. सध्या कॅबिनेटची बाजू उघडून समोर खोलीचा पाण्याचा कूलर लावला आहे. दुकानदार प्रोसेसरसाठी ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्यायला सांगतात. तो खर्च करावा का?

कृष्णाकाठ:

आधी आपलेच आकडे पाहू. डिसेंबरात खोली आणि प्रोसेसर यांच्यात ५२ अंशांचे अंतर होते. प्रोसेसरचा कूलर हवेचा असो वा लिक्विड, उष्णता शेवटी खोलीतल्याच हवेत सोडायची असते, त्यामुळे हे अंतर जवळपास तेवढेच राहते आणि खोली जितकी तापेल तितकाच प्रोसेसरही चढतो. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की ३८ अधिक ५२ म्हणजे ९०, आणि ५८००एक्सची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा नेमकी ९० अंशच आहे. शिवाय चिप तापली की तोच वेग टिकवायला तिला अधिक व्होल्टेज लागते, म्हणून थंडीत निर्दोष ठरलेली सेटिंग उन्हाळ्यात तोकडी पडते. आपण टेस्ट केलीत हे खरे, पण आपल्याकडे ती मे महिन्यात दुपारी तीन वाजता करायची असते.

आता नफ्यातोट्याचे बोलू. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १.२५ चे १.३५ केले की एवढ्यानेच ती सुमारे १७ टक्के चढते. पदरात काय पडले? मूळ सेटिंगवरही हा प्रोसेसर सगळ्या कोअरवर ४.४ ते ४.५ च्या आसपास चालतो आणि एखाद्या कोअरवर ४.७ पर्यंत जातो, आपण ४.६ वर खुंटी ठोकल्यामुळे ती वरची धाव उलट बंद झाली. मला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ची गोष्ट निराळी होती, बस (प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणारा मार्ग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली की ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ४५० वर धावत असे. आता ती शिल्लक कंपनीच वापरून टाकते.

हाताने केलेले ओव्हरक्लॉक काढा, बायोसमधील पीबीओ (प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) या भागात पीपीटी, म्हणजे प्रोसेसरच्या विजेची मर्यादा, १४२ ऐवजी ११० वॅट ठेवा आणि व्होल्टेज थोडे कमी करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर उणे १५ करा. उणे सेटिंगमधील दोष बहुधा भरपूर कामात दिसत नाही, संगणक रिकामा असताना दिसतो, म्हणून चार दिवस रोजचे काम करून पाहा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘WHEA-Logger १८’ अशी हार्डवेअर-दोषाची नोंद आढळली तर उणे १० वर या.

मिरज_दुरुस्ती:

वरील सल्ला योग्यच आहे, पण आधी कॅबिनेटची बाजू बंद करा. खोलीच्या पाण्याच्या कूलरच्या हवेने प्रोसेसरवर दव धरत नाही, कारण तो हवेपेक्षा गरमच असतो. मात्र बोअरचे पाणी असेल तर तुषारांसोबत क्षार उडून बोर्डावर पांढरा थर बसतो, आणि ओलसर धूळ घट्ट चिकटते. यार्डाजवळच्या एका संगणकाचा पंखा मी काढला, तेव्हा हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर हळदीच्या धुळीचा पिवळा जाड थर बसला होता, तो वाकळेच्या तुकड्यासारखा सलग सोलून निघाला. आपल्या हीटसिंकचीही तीच अवस्था असावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट नवी लावा.

लिक्विड कूलर सध्या घेऊ नका. त्यात पंप झिजतो आणि पाणीही नळ्यांतून हळूहळू कमी होते. टॉवरमध्ये बिघडण्याजोगा फक्त पंखा असतो आणि तो कोणत्याही दुकानात मिळतो.

आणखी एक गोष्ट राहिली. या प्रोसेसरची अधिकृत रॅम मर्यादा ३२०० आहे, म्हणजे आपली ३६०० ची रॅमही ओव्हरक्लॉकच आहे. प्रोसेसर तापून संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. रॅममधला एखादा बिट चुकला तर तो गुपचूप ग्राहकाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ दुपारीच चालवा.

मार्केटयार्ड_सांगली:

दोघांचेही आभार. पंखा काढला, आणि थर पिवळाच निघाला. सफाई, नवी पेस्ट आणि सुचवलेल्या सेटिंगनंतर काल दुपारी खोलीत ३९ अंश असताना प्रोसेसर ७९ च्या वर गेला नाही. ज्या रेंडरला ४० मिनिटे लागत, त्याला ४२ लागली. मेमटेस्टमध्ये ३६०० वर दोन चुका आल्या, ३२०० वर एकही नाही, म्हणून रॅम ३२०० वरच ठेवली आहे. मार्चनंतर दिलेल्या फाइली आता पुन्हा तपासायला बसलो आहे.